नैरोबीस निघण्यापूर्वीची निरवानिरव

मी, कुंथुनाथ बाबगोंडा मगदूम, वय वर्षे चौपन्न, मूळ राहणार निपाणी, हल्ली टिळकवाडी, बेळगाव, व्यवसाय ओतकाम व अनाठायी आत्मविश्वास, हा लेख मद्य, ज्वर अथवा मेहुणे यांपैकी कोणाच्याही अमलाखाली नसताना स्वखुशीने लिहून ठेवतो. प्रकृती ठणठणीत आहे. येत्या गुरुवारी मुंबईहून विमानाने नैरोबीस जाऊन एकुलता पुत्र चि. आदगोंडा यास परत आणावयाचे आहे. माझे बरेवाईट झाल्यास मागे घोटाळा राहू नये, एवढाच हेतू.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी सौ. कांता हिच्या. ती शेजारी बसून रडत आहे. सबब या कलमात विनोद नाही.

२. बेळगावची फौंड्री व तिच्या मालाचे खडेबाजारातील दुकान कांता व फोरमन देवाप्पा यांनी समभागाने चालवावे. पिठाच्या गिरणीच्या भागांचे लाकडी साचे मात्र एकट्या देवाप्पाचे. ते त्याने कोरले. मी त्यांवर केवळ स्वनाम कोरविले.

३. नैरोबीच्या कारखान्याविषयी. येथे कधी सीमाप्रश्नाचा बंद, कधी वीजकपात, कधी संप. आणीबाणी सरल्यावर मी ठरविले की एक भट्टी देशाबाहेर पेटती असावी. प्रथम सिंगापूर पाहिले. चार दिवसांत एकही शटर अवेळी खाली आले नाही. अशा निर्दय सुव्यवस्थेत आमच्या अंगच्या कौशल्यास कोण विचारणार? पुढे नैरोबीच्या बाजारात दुकानदार अर्ध्या शटराखाली वाकून गिऱ्हाईक करताना दिसले आणि मला खडेबाजारातील माझे दुकान आठवून गहिवरून आले. शांत देशांचे कारखानदार नैरोबीतून पळतील, आपण मात्र अशांततेत मुरलेले असल्याने टिकू, असा महासिद्धांत प्रतिपादून मी आदगोंडास तेथे बसविले.

मेहुणे म्हणाले होते, "दाजी, सिंगापूर घ्या." त्यांना माझा नकाशासंग्रह द्यावा. त्यांचे बरोबर होते, हे माझ्या मृत्यूनंतरच सांगावे.

४. सिद्धांतातील दोष येणेप्रमाणे. खडेबाजारातील माझे दुकान पंधरा वर्षे शाबूत राहिले, ते माझ्या चातुर्याने नव्हे. प्रत्येक बंदच्या आदल्या दिवशी पानपट्टीवाले भीमाप्पा सायकलवरून येत.

"अण्णा, उद्या अकराला आमी दगडं मारायला येतोय. शटर तेवढं खाली घ्या की."

"मोठे की लहान?"

"तुमच्या दुकानाला लहानच, अण्णा. काच फुटली तर आमास्नीच वाईट वाटतंय न्हवं?"

ही एका गावची माया मी दंगलीचा सार्वत्रिक नियम समजलो. नैरोबीत आदगोंडास आदल्या दिवशी सांगावयास कोणी येणार नाही.

५. त्याचे शेवटचे पत्र असे: "आप्पा, समोरचे दुकानदार रोज चहाला हाक मारायचे. आठवडा झाला, नजर देत नाहीत. काल कामवाली न सांगता आपलं गाठोडं घेऊन गेली. बाकी सगळं शांत आहे. भट्टी सोडून येववत नाही. जागा तुम्हीच बघून दिलेली आहे."

शेवटचे वाक्य त्याने साधेपणाने लिहिले असावे. मी ते तसे वाचू शकलो नाही.

नऊ दिवस ट्रंककॉल लागत नाही. देवाप्पा म्हणाला, "मालक, तार करा की. तुमी कशाला जाताय?"

"तीन केल्या रे."

"मग?"

मग विमानाचे तिकीट काढले.

६. आम्ही दोघे परतल्यास हा कागद फाडावा. केवळ आदगोंडा परतल्यास फौंड्रीतील कांतेचा हिस्सा त्याचा, व कांतेपश्चात सर्व स्थावर-जंगमही त्याचेच. नैरोबीच्या भट्टीचे काय झाले, हे त्यास कोणी विचारू नये. पुनश्च परदेशी कारखाना काढणे झाल्यास जागा त्याच्या आईने पसंत करावी. कोणीच न परतल्यास कलमे १ व २ कायम.

तो न येता मी एकटाच परतलो तर काय, असे वकिलांनी दोनदा विचारले. त्या कलमासाठी त्यांनी अर्धे पान कोरे सोडले होते. त्यावर मी आडवी रेघ मारून सही केली आहे.

हा लेख वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष मी त्यावर सही केली.

कुंथुनाथ बाबगोंडा मगदूम

साक्षीदार:
१. धर्मराज भावकू कांबळे, शिक्षक, हिंडलगा
२. शालूबाई कल्लाप्पा चौगुले, परिचारिका, टिळकवाडी

बेळगाव, सोमवार, दि. २६ जुलै १९८२