ओटीचा उतार

प्रिय प्रेरणा,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. सकाळपासून लिहायला बसतो आणि उठतो. वलवणला धुकं उतरलंय, खिडकीतून धरण दिसत नाही, आणि माझंही चित्त थाऱ्यावर नाही.

तुझा रोबो इथंच आहे. “आबा, भंगारात द्या,” म्हणून टाकून गेलीस. भंगारवाला दारावरून गेला, त्याला चहा पाजून वाटेला लावला. स्पर्धेत हात पुढे सरकताच रोबो तोंडावर पडला, सगळा हॉल हसला, आणि हात तू बनवलेला म्हणून टीमनं खापर तुझ्याच माथी फोडलं, हे तुझ्या टीममधल्या सत्यमकडून कळलं. तू टीम सोडलीस, हेही त्यानंच सांगितलं.

मला मात्र दिवाळीच्या सुट्टीतली आपली ओटी आठवत राहते. मोटर दोरी गुंडाळायची, लिफ्टचा पहिला सांगाडा वर सरकायचा, जाता जाता दुसऱ्याला ओढायचा, दुसरा तिसऱ्याला. मग अगदी वरून तो लांब हात निघायचा आणि खिडकीतलं खोकं अलगद धरायचा. शाळेत आम्ही कविता चालीवर म्हणायचो ना, तशीच एकेक ओळ पुढचीला हाताला धरून आणायची. तू तेव्हा किती हसायचीस! कुठं ठेवलंस ते हसू?

असो, भरकटलो. काल गोळ्यांची गोल डबी हातातून निसटली आणि ओटीवरून गडगडत थेट अंगणात. मी बघतच राहिलो. अगं, लोणावळ्याचा पाऊस घरात शिरू नये म्हणून तुझ्या आजीनं गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून हा उतार काढून घेतलेला! आणि तुम्ही सुट्टीभर रोबो भिंतीकडे, म्हणजे चढाकडे तोंड करून चालवलात. उतारच त्याला मागं रेलवून धरत होता.

शेजारच्या नसीरला हाक मारली. त्यानं मागच्या चाकांखाली लाकडी पट्ट्या सारून रोबो स्पर्धेतल्या जमिनीवर असावा तसा सपाट केला, रिमोट दाबला. लिफ्ट वर गेली, हात निघाला आणि स्वारी तोंडावर! नसीरनं वरच्यावर झेलला. म्हणतो, “मास्तर, पोरीचं काय न्हाई चुकलं. तुमची ओटीच लय लबाड हाय.” मी वेड्यासारखा टाळ्या वाजवत होतो.

एवढंच सांगायला लिहितोय, बाळा. पडला तो तुझ्या अडाणीपणानं नाही. बॅटरी किती मागं न्यायची, हात किती आखडायचा, ते तुलाच कळणार. पुढच्या फेरीसाठी तुझी जागा अजून कुणाला दिलेली नाही, असं सत्यम म्हणतो. उतार मी बुजवणार नाही, आजीचा आहे. पण माजघराची फरशी सपाट आहे. माझा पलंग ओटीवर आणलाय, रोबो आत उभा केलाय. झोपेत मी जरा अंगणाकडे घसरतो, पण चालेल. तू ये.

उतारावर निजून वाट पाहणारा,
तुझाच आबा