तुमचा खरा पत्ता

अहो उमेदवार,

भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या. आज वॉर्डाच्या निवडणुकीचा अर्ज भरायला जाल, तेव्हा इथल्या मतदार यादीत तुमचं नाव सापडणार नाही. मीच महिन्यापूर्वी ते हलवलं. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या पाच मिनिटांत होते, हे तुमच्या भाषणातलं वाक्य खरं निघालं. फोन दुसऱ्याच्या हाती पडला तर काय, असं त्याच सभेत शाळेतल्या मास्तरांनी विचारलं होतं, ते तुम्ही हसण्यावारी नेलंत. ‘हिला फोनमधलं काय कळतंय’ म्हणत तुम्ही तो माझ्यापुढे टाकून अंघोळीला जाता. ओटीपी तेव्हाच आला. शेजारच्या गावातल्या शिवणवाल्या बाईंच्या घराचं लाइट बिल तुमच्या नावावर येतं, ते तुमच्या खिशात सापडलं, तेच पुराव्याला जोडलं.

खोटं काही भरलेलं नाही. फॉर्ममध्ये विचारलं होतं, सध्या कुठे राहता.