उघड्या झडपेचे घर

मी, सावेता मोरोशान, तोआदेर मोरोशानची विधवा, वय एकाहत्तर, राहणार फुंदू ब्रादुलुई, जिल्हा सुचावा, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे येते ते थंडीने. बादलीतल्या पाण्यावर सकाळी साय धरावी तसा बर्फ धरला होता, आणि मी दोन स्वेटर, मेंढीच्या कातड्याची बंडी व बोटे कापलेले हातमोजे घालून बसले आहे. माझ्यावर कोणीही जबरदस्ती केलेली नाही. जबरदस्ती करायला तरी कोणी घरात यावे लागते.

नोटरी म्हणतो, हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. कायद्याला लागत नसतील, मला लागतात. चौथे कलम मी जिवंत असताना कोणाच्या तरी कानावर पडले पाहिजे.

कलम पहिले. घर, अंगण, रिकामा गोठा आणि आलुबुखाराची अकरा झाडे माझी मुलगी रोदिका हिला द्यावीत. ती इटलीत परक्या म्हाताऱ्यांची सेवा करते. दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी एकच विषय काढते. "आई, पाडून टाक ना ती चूल. मी बॉयलर बसवून देते. इथे माझी म्हातारी जानेवारीत बाह्या वर करून बसते, आणि तू अजून टोपी घालूनच झोपतेस ना?" मी म्हणते, बघू. ती म्हणते, "बघू बघू करत माझं सगळं लहानपण गारठून गेलं." तिचे खरे आहे. पोर हातमोजे घालून अभ्यास करायची. तिला वाटते मी हट्टी आहे, आणि मी तिला तसे वाटू दिले.

कलम दुसरे. लोकरीच्या दोन रजया आणि लोणच्याच्या कोबीचे पिंप शेजारीण अग्लाया पुईउ हिला. गावात मला 'आभाळ तापवणारी' म्हणतात, ते नाव तिने पाडले. आमच्याकडे आग विझत आली की धुराड्याची झडप लावून घेतात. मग ऊब चुलीच्या मातीत मुरून राहते आणि चार ओंडक्यांत सकाळ गाठता येते. माझी झडप एकोणचाळीस वर्षांत एकदाही बंद झालेली नाही. जितके जाळावे तितके वर जाते. कुंपणावरून अग्लाया विचारायची, "काय गं सावेते, आज देवाचे पाय शेकले की नाही?" तिच्यावर माझा राग आहे, पण रजया चांगल्या आहेत आणि तिला संधिवात आहे. रजया मिळाल्यावर तरी तिने तोंड आवरावे.

कलम तिसरे. तोआदेरची कुऱ्हाड, करवत आणि लाकूड फोडायची पाचर पोस्टमन सांदू याला. गेली सहा वर्षे तो पत्रांबरोबर माझी लाकडेही फोडून देतो. करवतीच्या दातांना त्याने धार लावून घ्यावी.

कलम चौथे. तोआदेर कसा गेला, याबद्दल.

आमची चूल गाव्रिल त्सुगुई याने बांधली. तो आमच्या कुंपणापलीकडे राहतो. भिंतीएवढी चूल, आत धूर फिरायला सात वळणे, आणि वर माणूस आडवा होईल असा उबदार ओटा. त्याच्यासारखी चूल त्या वेळी चार गावांत कोणी बांधत नव्हते. चूल देताना त्याने मला समोर बसवून सांगितले होते, "सावेता, निखाऱ्यावर निळं दिसतंय तोवर झडपेला हात लावायचा नाही. लाकूड संपलं तर संपलं. निळं गेलं की मगच लावायची, नाहीतर विषारी वायू घरात भरतो."

फेब्रुवारी पंच्याऐंशी. लाकूड कुठेच मिळत नव्हते, अंगणात आठ ओंडके उरले होते. तोआदेर दुपारी जंगलातून भिजून, तापाने फणफणून आला आणि चुलीवरच्या ओट्यावर झोपला. मला गोठ्यात धार काढायला जायचे होते. जाण्याआधी मी चुलीत पाहिले. निखाऱ्यांवर निळे दिसत होते. थोडेच होते. मी मनात म्हटले, एवढ्याने काय होते, ऊब तरी वाया जायला नको. मी झडप लावली आणि चार वर्षांच्या रोदिकाला घेऊन गोठ्यात गेले. त्या दिवशी गाईला दूध कमी होते म्हणून मी जास्त वेळ बसले. परत आले तेव्हा तो गेलेला होता.

मी रस्त्यावर जाऊन ओरडले. पहिला धावत आत शिरला तो गाव्रिल. पोलीस आला तेव्हा झडप उघडी होती. झडप उघडी, तरी माणूस निखाऱ्यांच्या विषारी वायूने मेला, म्हणजे चुलीलाच भेग असणार, असे सगळे म्हणाले. गाव्रिलने टोपी काढली आणि म्हणाला, "असेल. माझ्याच हातून राहिली असेल." बातमी ऐकून बाहेरून धावत आलेली माझी सासू त्याच्या तोंडावर थुंकली. मी बघत उभी होते.

त्यानंतर त्याला कोणी चूल बांधायला बोलावले नाही. तो लाकडाच्या वखारीत ओझी वाहत म्हातारा झाला. माझ्या मुलीने आजवर त्याला साधा रामराम केलेला नाही, आणि मी तिला एकदाही टोकले नाही.

झडप मी उघडली नव्हती. कोणी उघडली हे मी कधी विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते.

म्हणून मी लिहून देते: चुलीला भेग नव्हती. माझ्या नवऱ्याचा जीव माझ्या हाताने गेला. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. गाव्रिल ऐंशीचा आहे आणि आधी कोण जाईल याचा नेम नाही. पाद्रीबाबांनी ते येत्या रविवारी चर्चमध्ये मोठ्याने वाचावे. रोदिकाला मी स्वतः फोनवर वाचून दाखवीन. त्यानंतर तिने रविवारी फोन केला नाही तर तो तिचा हक्क आहे.

कलम पाचवे. गाव्रिल जिवंत असेपर्यंत ही चूल पाडू नये. त्याच्या नावाची तेवढीच साक्ष उभी आहे.

पुरवणी, त्याच दिवशी. सांदूला पाठवून मी गाव्रिलला बोलावून घेतले. अग्लाया, सांदू आणि गाव्रिल या तीन साक्षीदारांसमोर सगळे वाचले. अग्लायाने तोंडावर पदर ओढावा तसा रुमाल ओढला. गाव्रिलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "सासूनं तुला पोरीसकट बर्फात काढलं असतं. घर तिचं होतं. म्हणून उघडली."

मी म्हटले, "मला वाटलं, तू विसरला असशील."

"विसरेन कसा? माझी बायको मरेपर्यंत विचारत होती, गाव्रिल, भेग नक्की कुठे राहिली? तिलाही सांगितलं नाही मी." थोड्या वेळाने तो म्हणाला, "एकोणचाळीस वर्षं लावलीस गं बाई."

मी माफी मागितली. त्याने माफ केले असे म्हटले नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही. त्याने चुलीला हात लावून अंदाज घेतला, चार ओंडके आत घातले आणि समोर स्टूल ओढून बसला. दोन तास आम्ही चौघे निखाऱ्यांकडे बघत होतो. अग्लायासुद्धा गप्प होती. शेवटी तो म्हणाला, "गेलं निळं. नीट बघ, मग लाव."

"तू लाव."

"मी नाही. तूच लावायची."

मी पुन्हा पुन्हा पाहिले. मग लावली. झडप गंजली होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली.

साक्षीदार:
अग्लाया पुईउ
सांदू बर्झू, पोस्टमन
गाव्रिल त्सुगुई, चुली बांधणारा

फुंदू ब्रादुलुई, १७ जानेवारी २०२४

सावेता मोरोशान
(सही हातमोजे काढून केली आहे.)