डबीतला तेलाचा तवंग

मंगळवार, संध्याकाळ. नगर.

पूजाच्या मांडीच्या कातडीतून काढून लॅबमध्ये वाढवत होते त्या पेशी मेल्या. सगळ्या. सकाळी डबी उघडली तर वर तेलाचा तवंग, आणि कातडीचा पापुद्रा धरायला हवा होता तिथे नुसता गाळ.

तशीच नागापूरला जाधवांच्या वर्कशॉपमध्ये गेले, भांडायलाच. स्टीलची ती डबी त्यांनीच करून दिलेली. ते गोंधळले. "मॅडम, तेल लावल्याशिवाय कुठलाही तयार जॉब बाहेर देतच नाही आम्ही. गंज चढतो ना. तुमच्यासाठी तर भारीतलं वापरलं."

मी त्यांना मापं दिली, जाडी दिली. तेल नको, हे सांगायचं असतं हेच मला कुठे माहीत होतं? आणि मी वाफ देऊन निर्धास्त. वाफेने जंतू मरतात. झाकणाच्या आट्यांतलं तेल कशाने मरणार?

त्यांनी दुसरी डबी दिली, पुसून पुसून. तरी वास येतोच आहे. की माझ्याच हातांना येतोय?

डॉक्टरांना फोन केला. पूजाच्या भाजलेल्या हातावर ही कातडी तेच लावणार होते. ते म्हणाले, "मांडीच्या कातडीचा तुकडा पुन्हा घ्यावा लागेल. तिला तुम्हीच सांगा."

वॉर्डात जाऊन सांगितलं. नऊ वर्षांची पोर, ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, चुलीवर पडलेली. आई रडायला लागली. पूजा नाही. तिने पांघरुणातून दुसरा पाय बाहेर काढला.

"ताई, आता ह्या मांडीचं घ्या. ती अजून लई दुखती."