ठकीच्या डोक्यावरचा हात

८ जानेवारी

चष्मेवाल्यांना आज उतरवलं. क्रेनवाल्याने मलाच विचारलं, "मास्तर, दोर कुठे बांधू?" पुतळा मी केलेला, तेव्हा मलाच ठाऊक असणार! कमरेला बांध म्हटलं. त्याने गळ्याला बांधला. खाली जमलेल्या लोकांना तेच हवं होतं.

पण त्यांचा उजवा हात शेजारच्या मुलीच्या डोक्यावर पक्का बसवलेला. काही केल्या निघेना. शेवटी मनगटाशी कापला. चष्मेवाले ट्रकमध्ये आडवे होऊन गेले आणि चौथऱ्यावर मुलगी एकटी उरली — डोक्यावर नुसता हात घेऊन. मनगटाच्या पुढे काही नाही!

मुलगी म्हणजे आमची ठकी. सहा वर्षांची होती तेव्हा तिला मिशीवाल्यांच्या शेजारी उभी केली. मिशीवाले गेले, चष्मेवाले आले. तेव्हा हुकूम आला — नेता बदला, मुलगी छान आहे, राहू द्या. ती राहिली. खरी ठकी मात्र मोठी झाली.

९ जानेवारी

पाठ धरली आहे. दिवसभर पडून.

१२ जानेवारी

भाजी आणायला चौकातून गेलो. मनगट आतून पोकळ, त्यात कुणीतरी बसची तिकिटं आणि शेंगांची टरफलं कोंबली आहेत. एक बाई पोराला दाखवत होती, "बघ, हात विसरून गेले!" पोरगं रडायला लागलं. मी भाजी न घेताच परतलो. हिने पिशवी बघितली आणि डाळ टाकली.

२० जानेवारी

खात्याचा साहेब आला. मिशीवाल्यांच्या वेळी हाच, चष्मेवाल्यांच्या वेळी हाच, आताही हाच. त्याच्या खुर्चीमागचा फोटो बदलतो, खिळा तोच.

"मास्तर, तुम्हाला फार काही करायचंच नाही. मुलगी तीच. तिच्या बाजूला नव्या साहेबांना उभं करायचं. हात मात्र हलका हवा हं. आधीचा जरा दाबल्यासारखा वाटायचा."

फोटो ठेवून गेला. सगळ्या फोटोंत नव्या साहेबांचे दोन्ही हात खिशात! हात कुठून आणू, विचारलं. म्हणाला, "आधी कुठून आणलेत?"

आधीचे दोन्ही माझेच. आरशासमोर बसून माझ्याच हातावरून केलेले. माझी करंगळी वाकडी आहे, कधीकाळी साच्याखाली सापडून मोडलेली. तीही जशीच्या तशी उतरली. कुणाच्या लक्षात आलं नाही. नेत्यांची करंगळी बघत बसायला कुणाला वेळ आहे!

असो. हे तिसरे — खिसेवाले.

२७ जानेवारी

ठकीला टेम्पोतून कार्यशाळेत आणलं. डोक्यावरच्या हातासकट. ही ओलं फडकं घेऊन बसली आणि पुसता पुसता तिच्याशी बोलत होती. "केवढी काळवंडलीस गं! आणि हे कान बघ." नाक तेवढं लखलखीत. येणारी-जाणारी पोरं चोळतात म्हणून. डाव्या चपलेची वादी सुटलेली आहे. उभी राहायचा कंटाळा आला की ठकी मुद्दाम वादी सोडून ठेवायची, म्हणजे बांधायच्या निमित्ताने बसता यायचं. मी सुटलेलीच केली.

पुसून झाल्यावर ही म्हणाली, "आणि खरीला कधी आणताय?"

काय सांगू? चष्मेवाल्यांच्या वेळी ठकी कॉलेजात होती. त्यांच्याविरुद्ध फलक धरून उभी राहिली म्हणून कोठडीत टाकली. सुटली आणि चौकातून चालत आली. नेमका तेव्हाच मी परांचीवर चढून तिच्या डोक्यावर त्यांचा हात बसवत होतो. खालून म्हणाली, "बाबा, माझ्या डोक्यावर कुणाचा हात ठेवायचा, ते मला विचारायचं तरी!" मी म्हटलं, "उन्हात उभी राहू नकोस, घरी जा." ती घरी गेली आणि बॅग भरली.

मायलेकी मावशीकडे भेटतात, रविवारी फोनवर बोलतात. माझ्यासाठी निरोप नसतो. मी विचारतही नाही, "काय म्हणत होती?" नुसता पेपर उलटतो, मोठा आवाज करून.

३ फेब्रुवारी

हात काढला. फळीवर ठेवला. खाली ठकीच्या डोक्याला भोकं — मिशीवाल्यांची बुजवलेली, चष्मेवाल्यांची उघडी. आता तिसऱ्यांसाठी पुन्हा पाडायची. ड्रिल लावलं, काढलं. पुन्हा लावलं. नाही जमलं.

४ फेब्रुवारी

आज काम नाही. कालही नव्हतंच.

९ फेब्रुवारी

खोटं बोललो! खात्याच्या साहेबाला सांगितलं, धातू जीर्ण झालाय, बारीक चिरा गेल्यात, डोकं तिसरा हात पेलणार नाही. मुलगी अशीच कुठेतरी बागेत ठेवा, खिसेवाल्यांना एकट्यालाच उभं करू. तो म्हणाला, "हो का? अरेरे." एवढ्यावरच पटलं! घरी येताना चक्क शीळ घालत होतो. ही म्हणाली, "या वयात?"

११ फेब्रुवारी

साहेबाचा फोन. "मास्तर, वर बोललो. जीर्ण झालीय ना, मग वितळवून टाका. तोच धातू नव्या साहेबांच्या पुतळ्यात घाला. आणि मुलगी नवी करा. या वेळी जरा गुटगुटीत."

झालं! माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा. चिरा नाहीत म्हणून आता कुठल्या तोंडाने सांगू? हिला सांगितलं. तशीच फोन घेऊन आत गेली.

१६ फेब्रुवारी

ठकी आली.

भर दुपारी. कार्यशाळेच्या दारात उभी राहून म्हणाली, "चहा झाला का तुमचा?" इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य! म्हटलं, झाला, पुन्हा घेऊ. कानाजवळ तिचे केस पांढरे झालेत. मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुतळीसमोर उभी राहिली. "खालून बघताना मोठी वाटायची," एवढंच म्हणाली. मी घाईघाईने माझा बेत सांगितला — पुतळी पोत्यांमागे लपवायची, भट्टीत जुने नळ नि भांडी घालायची. भट्टीवाला आपलाच माणूस, तोंड उघडणार नाही.

"आणि चौथऱ्यावर?"

"नवी मुलगी करायची आहे. गुटगुटीत हवी म्हणतात."

"तिला विचारणार आहात?"

"कुणाला?"

"त्या गुटगुटीत मुलीला."

तिने फळीवरचा हात उचलला, करंगळीवरून बोट फिरवलं. "हा तुमचा हात आहे, बाबा. मला पहिल्यापासून माहीत होतं. त्यांचा असता तर मी त्यांच्याशी भांडले असते. भांडतच होते. घर कशाला सोडलं असतं?"

मी म्हटलं, पोटासाठी केलं. ती म्हणाली, "ते मला कळतं. पण विचारलं असतं तर मी सहा वर्षांची असतानाही काहीतरी सांगितलं असतं."

मग हात परत फळीवर ठेवला. "वितळवा. दोन्ही."

चहा पूर्ण प्यायली. कपही विसळून ठेवला, पाहुण्यासारखा. त्याचंच जास्त लागलं.

२१ फेब्रुवारी

आज वितळवली.

आधी तुकडे करावे लागतात. भट्टीवाला म्हणाला, "बघणार की बाहेर बसणार?" बाहेर बसलो. पण जन्म या कामात गेला, आवाजावरून सगळं कळतं. मध्येच तो बाहेर आला, हातात डावा पाय. "मास्तर, चपलेचा तुकडा बाजूला ठेवू का? कुणाला कळतंय!" नको म्हटलं. तिने नको म्हटल्यावर मी कोण ठेवणारा? हातही त्याच मुशीत गेला.

घरी आलो. भाजीत मीठ नव्हतं. दोघांनीही वरून घेतलं नाही.

२२ फेब्रुवारी

चप्पल ठेवायला हवी होती.

१२ मार्च

खिसेवाल्यांचं धड ओतून झालं. ठकी आता त्यांच्या कोटात आहे. कुठे, ते शोधून सापडायचं नाही. शेजारी गुटगुटीत मुलीसाठी सांगाडा उभा केलाय, त्यावर मातीचा गोळासुद्धा लावलेला नाही. शेजारीण दोनदा सुचवून गेली — "आमची नात आहे की!" नात मागे उभी राहून जमिनीकडे बघत होती. म्हटलं, बघू.

कंटाळा आलाय. अंग दुखतं त्याहून जास्त हा कंटाळा.

२ एप्रिल

खिसेवाले सत्तेवरून पडले! डोकं अजून केलं नव्हतं, तेवढं वाचलं. कार्यशाळेत बिनडोक्याचे उभे आहेत, हात खिशात घालून.

९ एप्रिल

साहेब आला. खिळा तोच.

"मास्तर, या वेळच्या लोकांना नेता नकोच! नुसती मुलगी हवी. लोक सारखे विचारतात, मुलगी कुठे गेली? साचा असेल ना?"

साचा कधीच फोडला.

"मग तुमची लेक आहेच की! आहे त्या वयाची करा. ताठ मान, मोकळे हात, डोक्यावर काही नाही. तिने सोसलंयही. फार शोभेल. नाही म्हणायचं तिला कारणच काय?"

खरं सांगतो, हात शिवशिवले. किती वर्षांनी! डोक्यावर हात नसलेली ठकी. माझ्या नजरेआड पांढरे झालेले तिचे ते केस. एवढं एक करायला मिळालं तर हत्यारं खुशाल भट्टीवाल्याला देऊन टाकीन. माझा जन्म अगदीच फुकट गेला नाही म्हणता येईल.

ही म्हणाली, "घरात फोटो आहेत की तिचे." आहेत. फोटोंवरून सहज होईल. तिला कळेल तोवर पुतळा चौकात.

नाही.

१० एप्रिल

फोन केला. मी! नंबर हिच्याकडून घेतला. म्हटलं, "ठके, एक विचारायचं आहे." पलीकडे काहीतरी खट् वाजलं. मला वाटलं ठेवला. मग म्हणाली, "फोनवर नको. रविवारी येते."

ही तेव्हापासून डबे पुसतेय. आधीच पुसलेले.

रविवार

ठकी आली. विचारलं.

नाही म्हणाली.

मग जेवायला थांबली.