एका भोंग्याने रजा घेतल्यावर तिन्ही भोंगे तोडल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
नदीकाठ इशारा यंत्रणा विभाग,
जिल्हा मुख्यालय.

अर्जदार : नागवेणी मास्ती अंबिग, ग्रंथपाल, तंत्रनिकेतन. राहणार तोरेबैल, तरीजवळ.

विषय : दि. १२ ऑगस्ट २०२४ रोजी तोरेबैल धक्क्यावरील भोंगा माझ्या वडिलांनी बंद केला, हे चौकशी अहवालातील वाक्य काढून टाकणे. गावच्या राउटरमधील दोन सेटिंग पावसापूर्वी बदलणे. आणि जप्त केलेला भोंगा परत बसवणे, याबाबत.

संदर्भ : १) चौकशी अहवाल, परिच्छेद ११.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. उत्तर एकाचेही नाही.
३) माहितीच्या अधिकारात मिळालेली राउटरची नोंद, पाने १ ते ६४.

महोदय,

१. माझे वडील मास्ती जट्टी अंबिग हे तोरेबैलच्या तरीवर एकतीस वर्षे होडी चालवत होते. वरच्या धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी खालच्या गावांना सावध करण्यासाठी आपल्या विभागाने चव्वेचाळीस भोंगे बसवले. त्यांपैकी तीन आमच्या गावात आहेत : शाळेवर, देवळावर आणि धक्क्यावर. धक्क्यावरच्या भोंग्याचे सांभाळकर्ते म्हणून आपणच वडिलांची नेमणूक केली होती. १२ ऑगस्टला दरवाजे उघडले, भोंगा वाजला नाही, आणि पलीकडच्या काठावर थांबलेल्या सुपारीच्या बागेतल्या बायकांना आणायला निघालेले वडील नदीच्या मध्यावर होडीसह वाहून गेले. ते तिसऱ्या दिवशी सापडले.

२. अहवालाच्या परिच्छेद ११ मध्ये लिहिले आहे : "सायंकाळी ४.४१ वाजता तोरेबैल शाखा स्वतःहून गटातून बाहेर पडल्याची नोंद आहे. धक्क्यावरील सांभाळकर्त्याने भोंगा बंद केला असावा." या एका 'असावा'वर माझ्या वडिलांच्या मृत्यूचा दोष माझ्या वडिलांवरच ठेवून फाइल बंद झाली. मी अहवालाची प्रत मागायला आले, तेव्हा आपल्या कार्यालयातील श्री. गौडा मला म्हणाले, "अक्का, यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो." मी त्यांना म्हणाले, "यंत्र खोटं बोललं असं मी कुठं म्हणतेय? तुम्ही ते पुरतं वाचलं नाहीत, एवढंच म्हणतेय." त्यावर त्यांनी मला माहितीच्या अधिकाराचा फॉर्म दिला. या प्रकरणात आपल्या कार्यालयाकडून मिळालेली ही एकमेव मदत आहे आणि तिचा मी उल्लेख करणे योग्य होईल.

३. नोंद मिळायला पाच महिने लागले. ती मी वाचली. मी अभियंता नाही, परंतु माझ्या ग्रंथालयात या विषयाची पुस्तके आहेत, आणि जे मला कळले नाही ते आमच्या अधिव्याख्यात्या फिलोमिना रॉड्रिग्ज यांनी फळ्यावर काढून दाखवले. जे कळले ते खाली लिहिते. आपल्याला ते ठाऊक असणारच. अहवाल लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते, म्हणून लिहिते.

धरणावरून चव्वेचाळीस भोंग्यांना चव्वेचाळीस वेगळे संदेश जात नाहीत. संदेश एकच निघतो. वाटेतला प्रत्येक राउटर, जिथे वाट फुटते तिथे, त्याची प्रत करतो आणि ज्या फांदीवर कोणी ऐकणारे आहे त्याच फांदीवर सोडतो. ऐकणारे कोणी नसेल तर ती फांदी छाटतो. या पद्धतीला मल्टिकास्ट म्हणतात. पद्धत चांगली आहे, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

फांदीवर कोणी आहे हे राउटरला कसे कळते? तो ठरावीक वेळाने विचारतो, "कोणी ऐकतंय का?" एका भोंग्याने "मी ऐकतोय" म्हटले की त्याचे भागते, बाकीचे भोंगे ते उत्तर ऐकून गप्प राहतात. म्हणजे फांदीवर निदान एक जण आहे एवढेच राउटरला माहीत असते. एक आहे की तीन, हे माहीत नसते. म्हणूनच एखादा भोंगा "मी जातो" म्हणाला, तर राउटरने ओळ, म्हणजे त्या फांदीची जोडणी, तोडण्यापूर्वी आणखी एकदा विचारायचे असते, "मागे कोणी राहिलंय का?" आणि सेकंद-दोन सेकंद उत्तराची वाट पाहायची असते. इतकेच. सेकंद-दोन सेकंद.

४. आपल्या विभागाने हा प्रश्न बंद करून ठेवला आहे. नोंदीच्या पान ३ वर सेटिंग स्पष्ट आहे : कोणीही "जातो" म्हणताच, न विचारता, ओळ तत्काळ तोडावी. घराघरांत दूरचित्रवाणी पोहोचवणाऱ्यांसाठी ही सोय असते, कारण तिथे एका तारेवर एकच संच असतो. तो गेला की मागे कोणी उरत नाही. आमच्या गावात एका तारेवर तीन भोंगे आहेत. बाई रॉड्रिग्ज एरवी मोजके बोलतात. त्या म्हणाल्या, "एक माणूस उतरला म्हणून कंडक्टरने बाकीच्यांसकट गाडी डेपोत नेली, तर त्याला आपण काय म्हणू?"

त्याच पानावर दुसरे सेटिंग आहे. "कोणी ऐकतंय का" हा नेहमीचा प्रश्न दोन मिनिटांनी विचारायचा असतो. "ओळीवरील अनावश्यक वर्दळ कमी करण्यासाठी" आपण तो अर्ध्या तासाने केला. इशाऱ्याच्या ओळीवरची कोणती वर्दळ अनावश्यक असते, हे मला समजावून सांगावे.

५. आता १२ ऑगस्ट. खालील वेळा आपल्याच नोंदीतल्या आहेत, फक्त होडी निघाल्याची वेळ पलीकडे थांबलेल्या बायकांनी सांगितलेली आहे.

४.३९ राउटरने विचारले, तोरेबैलकडून उत्तर आले. ४.४१ तोरेबैलकडून "मी जातो". राउटरने ओळ तोडली. ४.४५, ४.५० आणि ४.५५ धरणावरून तीन इशारे. तोरेबैलच्या फांदीवर एकही प्रत सोडली नाही. ४.५५ दरवाजे उघडले. ४.५८ होडी निघाली. ५.०६ पाण्याचा लोंढा तरीवर आला. ५.०९ राउटरने अर्ध्या तासाचा प्रश्न विचारला.

५.०९ ला "मी ऐकतोय" हे उत्तर कोणी दिले, ते पान ६१ वर आहे. प्रत्येक उत्तरापुढे देणाऱ्याचा क्रमांक असतो. शाळेचा भोंगा २१, देवळाचा २२, धक्क्याचा २३. उत्तर २३ ने दिले आहे. आणि ४.४१ ला "जातो" म्हणणारा २१ आहे.

महोदय, बंद केलेला भोंगा "मी ऐकतोय" म्हणत नाही. वडिलांचा भोंगा सुरू होता. पूर्ण वेळ सुरू होता. ५.१५ चा चौथा इशारा त्यावर वाजला. तो मी घरात ऐकला आणि अप्पांना चहा ठेवला, कारण इशारा झाला की ते होडी बांधून वर येत.

६. शाळेचा भोंगा मुख्याध्यापक श्री. पांडुरंग शानभाग यांनी बंद केला. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, आणि या अर्जाचा आधार घेऊन त्यांना नोटीस काढल्यास मी त्यांच्या बाजूने साक्ष देईन. शाळा बंद करताना विजेची उपकरणे बंद करावीत असे त्यांना परिपत्रक आहे. भोंगा बटण दाबून "नीट" बंद करावा, तार ओढू नये, हे आपल्याच माणसांनी त्यांना शिकवले. नीट बंद केला की भोंगा जाताना "जातो" म्हणतो. तार ओढली तर काहीच न म्हणता गप्प होतो, आणि ओळ तुटत नाही. सर बाराव्याला आमच्या घरी आले, पायरीवरच बसले. म्हणाले, "नागवेणी, शिकवलं तस्सं केलं ग मी. एक दिवस चुकलो असतो तर बरं झालं असतं." चौसष्ट पानांचा याहून नेमका सारांश मला करता आलेला नाही.

आणि हा एका दिवसाचा अपघात नव्हे. नोंद १ जूनपासूनची आहे. त्यात शाळेचे एकोणसाठ दिवस येतात. सत्तावन्न दिवस शाळा सुटल्यावर आमचे गाव अर्ध्या तासापर्यंत बहिरे होते. उरलेल्या दोन दिवशी शाळेची वीज आधीच गेलेली होती, म्हणून निरोप द्यायला भोंगा जागाच नव्हता आणि गाव वाचले. भोंग्यांची चाचणी आपण रोज सकाळी दहाला घेता. सकाळी दहाला सगळे वाजते.

७. माझे वडील चौथी शिकलेले होते. होडी सोडण्यापूर्वी ते काठाकडे तोंड करून तीनदा हाक देत, "यायचंय का कोणी?" सूपभर मासळी घेऊन कोणी धापा टाकत यायची, तर होडीतले लोक कुरकुरत, "मास्ती, हिच्यासाठी आमचं लग्न लागायचं राहील." ते म्हणत, "लग्न थांबतं. नदी थांबत नाही." त्यांनी हे कुठल्या परिपत्रकात वाचले नव्हते. शासनाने लाखो रुपयांच्या यंत्राला जो प्रश्न विचारायला बंदी केली, तो हा माणूस एकतीस वर्षे दिवसातून चाळीस वेळा विचारत होता. आणि निष्काळजी म्हणून अहवालात नाव त्याचे आहे.

८. माझ्या अर्जांविषयी. पहिला अर्ज विभागाच्या तक्रार प्रणालीवर नोंदवला. अकरा दिवसांनी तो "अर्जदाराचा प्रतिसाद नाही" या शेऱ्यासह बंद झाला. चौकशी केल्यावर कळले की "आपणांस ही तक्रार पुढे चालवायची आहे काय?" असा संदेश आपण पाठवला होता, आणि तो धक्क्याच्या नोंदणीकृत क्रमांकावर, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोबाइलवर पाठवला होता. तो मोबाइल त्यांच्याबरोबर नदीत गेला. जिवंत भोंग्यांना न विचारता तोडणाऱ्या विभागाने एकदाच काय ते विचारले, ते मेलेल्या माणसाला.

दुसरा अर्ज आपण सात कार्यालयांना "आवश्यक कार्यवाहीसाठी" पाठवला. सातांपैकी एकानेही उत्तर दिले नाही, कारण इतर सहा देतील असे प्रत्येकाला वाटले. तिसरा अर्ज सापडत नाही.

९. आता ज्या कारणाने आज लिहिते आहे ते. धक्क्याचा भोंगा आपण ऑगस्टमध्ये पुरावा म्हणून काढून नेला. त्याची पेटी अद्याप उघडलेलीही नाही, श्री. गौडांच्या कपाटावर मी ती सीलबंद पाहिली. भोंगा परत हवा असल्यास मृत सांभाळकर्त्याच्या सर्व वारसांनी संमतिपत्रावर सह्या कराव्यात असे कळवले आहे. त्याचे कलम ४ असे : "सदर भोंगा दि. १२.०८.२०२४ रोजी सांभाळकर्त्याने बंद केल्याचे आम्हांस मान्य आहे." माझ्या आईने न वाचता सही केली, कारण तिला सांगितले गेले की भोंगा परत येईल. माझा धाकटा भाऊ ईश्वर याने वाचून सही केली. उरली होती माझी.

फेब्रुवारीपासून मी ती केली नाही. तरीवर बायका मला ऐकवतात, "तुझ्या सहीपायी आम्ही पोहत जायचं का ग बाई?" होडी आता ईश्वर चालवतो. परवा रात्री ताटावर बसून तो म्हणाला, "अक्का, अप्पाचं नाव कागदावर आहे. मी पाण्यावर आहे. तू काय ते ठरव." आणि पेज न संपवता उठला.

१०. पाऊस आठ दिवसांवर आहे. तरी कृपा करून पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

पहिली : धक्क्याचा भोंगा बसवावा. दुसरी : एका तारेवर एकाहून अधिक भोंगे असतील अशा सर्व गावांत तत्काळ तोडण्याचे सेटिंग काढावे आणि नेहमीचा प्रश्न पूर्ववत दोन मिनिटांनी करावा. बाई रॉड्रिग्ज यांच्या मते एका राउटरला या कामास चार मिनिटे लागतात. त्या विनामूल्य यायला तयार आहेत. शाळा २ जूनला उघडते, आणि शानभाग सर अजूनही परिपत्रक पाळतात. तिसरी : परिच्छेद ११ दुरुस्त करावा.

तिसऱ्या गोष्टीसाठी मी फेब्रुवारीपासून पहिली अडवून धरली, हे मला मान्य आहे. आता अडवत नाही. संमतिपत्र सोबत जोडले आहे. कलम ४ सह, त्यातील एकही शब्द न खोडता मी त्यावर सही केली आहे. ते कलम खोटे आहे, हे सही करताना मला माहीत होते आणि हा अर्ज वाचल्यावर आपल्यालाही माहीत झाले आहे. खोट्या कागदावर जाणूनबुजून सही केल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई करायची असेल ती करावी. चौकशीला मी येईन आणि पान ६१ घेऊन येईन.

परंतु भोंगा आधी बसवावा. ईश्वरची पहिली खेप सकाळी सहाला असते.

नम्रतेने, परंतु असहमत,

(सही)
नागवेणी मास्ती अंबिग
तोरेबैल, दि. २९ मे २०२५

सोबत :
१) राउटरच्या नोंदीची पाने ३, ६० व ६१.
२) मुख्याध्यापक श्री. शानभाग यांचे स्वाक्षरित निवेदन.
३) संमतिपत्र, तिन्ही वारसांच्या सह्यांसह.