कडेला सरकलेला पट्टा

आई, आज मी चालू एलेव्हेटर बंद केला. तू ज्या खड्ड्यात बसून सांडलेला मका गोळा करायचीस ना, तिथून मका वर नेणारा तोच. तू गेल्यावर अंबडच्या या पशुखाद्याच्या कारखान्याचे मालक बदलले, पत्र्यांना नवा रंग आला, पण रबरी पट्ट्यावरच्या बादल्या अजून तशाच खडखडत वर जातात. खाली अजूनही बायकाच बसतात. त्या मला मॅडम म्हणतात आणि कामापुरतं बोलतात. इतर फिटरही कामापुरतंच.

आयटीआय करून मी इथे लागले तो पहिला दिवस आठवतो. मी ओढणी घेऊन एलेव्हेटरपाशी उभी आहे आणि तू खड्ड्यातून सगळ्यांसमोर ओरडतेस, "ती वढणी काढ आधी! पट्टा माणूस बघत नाय." मला इतकी लाज वाटली की दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. पुढच्या बाजाराला तू हरसूलहून माझ्यासाठी दोन पुरुषी शर्ट आणलेस, लय मोठे. "वाढशील अजून," म्हणालीस. वाढायचं माझं वय कधीच उलटून गेलं होतं.

आज सकाळी पत्र्याआडून घासल्याचा आवाज येत होता. हात लावला तर एक बाजू गरम. पट्टा मधोमध न चालता कडेला सरकला होता. सुपरवायझर म्हणाले, "एवढी गाडी भरू दे, मग बघू."

"सर, खाली बायका आहेत."

ते गाडीकडे बघत राहिले. मी बायकांना वर बोलावलं, एलेव्हेटर बंद केला, मेन स्विचला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. झाकण उघडून पट्टा हातानं हळूहळू फिरवत त्याचा जोड समोर आणला. तिथे पट्ट्याची दोन टोकं एकमेकांवर ठेवून बोल्टनं आवळलेली असतात. भोकं फाटून लांबट झाली होती, बोल्ट कलले होते. जोड सुटला असता तर बादल्यांसकट सगळा पट्टा खड्ड्यात आला असता. सुपरवायझरांनी वाकून पाहिलं. मग पाना धरायला स्वतः थांबले. फाटकं टोक कापलं, नवी भोकं पाडली, दोन्ही बाजूंचा ताण सारखा केला. रिकामा फिरवून पाहिला, तेव्हा मधोमध चालला.

जेवणाच्या सुट्टीत खड्ड्यातली एक वयस्क बाई माझ्याकडे आली. "मॅडम, या ना आमच्यात. नागलीची भाकर हाय."

"जेवले मी," म्हटलं. ती बरं म्हणून गेली. मी हत्यारांच्या खोलीत बसून त्यांचं हसणं ऐकत राहिले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. मी जेवले नव्हते. तिनं आणखी एकदा म्हटलं असतं, तर गेले असते.